रूपकुंडच्या हाडांना काय विचारता येतं?

उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून ५,०२९ मीटर उंचीवर रूपकुंड नावाचं लहानसं तळं आहे. वर्षातला बराच काळ ते गोठलेलं असतं. बर्फ वितळला की काठावर आणि पाण्यात माणसांची हाडं उघडी पडतात, तीही काहीशे माणसांची. १९४२ साली वनखात्याच्या एका रेंजरने ती पाहिली आणि तेव्हापासून तर्कांना ऊत आला. नंदादेवीच्या यात्रेला निघालेला राजा आणि त्याचा लवाजमा, वाट चुकलेलं सैन्य, व्यापाऱ्यांचा तांडा, साथीत दगावलेली माणसं, असं बरंच काही सुचवलं गेलं. पुढे काही कवट्यांवर वरून बसलेल्या माराच्या खुणा दिसल्या, तपासलेल्या थोड्या हाडांचं वय नवव्या शतकाच्या आसपास निघालं आणि ‘एका मोठ्या गारपिटीत सगळे एकदम गेले’ हे उत्तर जवळजवळ पक्कं धरलं गेलं.

२०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात नवा अभ्यास आला. लखनौची बिरबल साहनी संस्था, हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राची संस्था), हार्वर्ड विद्यापीठ आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज अशा अनेक ठिकाणचे संशोधक त्यात होते. त्यांना ३८ जणांचा डीएनए मिळाला. २३ जणांचा वंश भारतीय उपखंडातल्या आजच्या लोकांशी जुळणारा होता. १४ जणांचा पूर्व भूमध्य समुद्राकडचा, ग्रीस आणि क्रीटच्या लोकांच्या सर्वात जवळचा. एक जण आग्नेय आशियाई वंशाचा. पहिला गट सातव्या ते दहाव्या शतकांतला आणि बाकीचे १५ जण त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी, इसवी सन १८००च्या आगेमागे मेलेले. पहिल्या गटातही काही जणांच्या तारखा एकमेकींना स्पर्श करत नाहीत, म्हणजे तेसुद्धा एकाच दिवशी गेलेले नाहीत. दोन्ही गटांत स्त्रिया आणि पुरुष आहेत आणि जवळचं रक्ताचं नातं असलेली एकही जोडी सापडली नाही, त्यामुळे फौजेची कल्पना मागे पडते आणि कुटुंबकबिल्याचीही.

बातम्यांमध्ये ‘डीएनएने रहस्य उलगडलं’ एवढंच आलं. खरं तर त्या हाडांवर तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि प्रत्येकीचा प्रश्न वेगळा होता. डीएनए सांगतो वंश. कार्बन-१४ सांगतो मृत्यूचा काळ. स्थिर समस्थानिकं, म्हणजे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे, न बदलणारे अणू), सांगतात त्या माणसाने काय खाल्लं आणि दातांची तपासणी केली तर तो कुठे वाढला. या तिघांची गल्लत झाली की चुकीचे निष्कर्ष निघतात आणि ती गल्लत फार वेळा होते. या लेखात भर तिसऱ्या तपासणीवर आहे, कारण सामान्य वाचकापर्यंत तीच सर्वात कमी पोचते.

भात की भाकरी

निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ असतो आणि १.१ टक्के कार्बन-१३. दोन्ही स्थिर आहेत, कितीही हजार वर्षं गेली तरी बदलत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेताना वनस्पती जड कार्बन-१३ थोडा कमी घेतात, पण किती कमी हे वनस्पतीच्या प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवर ठरतं. तांदूळ, गहू, जव, सगळ्या डाळी, बहुतेक भाज्या आणि फळझाडं ‘सी-३’ पद्धतीची. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा, मका आणि ऊस ‘सी-४’ पद्धतीचे. हे प्रमाण एका ठरावीक मानकाशी तुलना करून ‘प्रति हजार’ या एककात मांडतात; आकडा उणे असला की कार्बन-१३ मानकापेक्षा कमी. सी-३ पिकांचा आकडा उणे २६च्या आसपास येतो, सी-४ पिकांचा उणे १२च्या आसपास. मधलं अंतर १४ एककांचं आणि चांगलं यंत्र ०.१ ते ०.२ एककापर्यंत अचूक मोजतं. भात खाणारा आणि भाकरी खाणारा यांच्यात फरक करायला ही तपासणी इतकी सोयीची आहे ती याचमुळे.

अन्नातला कार्बन हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनात जातो तेव्हा आकडा साधारण ५ एककांनी वर सरकतो. म्हणजे आयुष्यभर फक्त भात-गहू-डाळीवर जगलेल्या माणसाच्या हाडात उणे २१च्या आसपास आणि नुसत्या ज्वारी-बाजरीवर जगलेल्याच्या हाडात उणे ७च्या आसपास. बाकीचे सगळे मध्ये कुठेतरी.

याच नमुन्यात नायट्रोजनही मोजला जातो. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की नायट्रोजन-१५चा आकडा ३ ते ५ एककांनी वाढतो. गवतापेक्षा शेळीचा जास्त, शेळीपेक्षा शेळी खाणाऱ्याचा जास्त. माशांची अन्नसाखळी लांब असते, म्हणून मासे भरपूर खाणाऱ्यांचा आणखी वर. अंगावर पिणाऱ्या बाळाचा आकडा आईपेक्षा २-३ एककांनी वर असतो आणि दूध तुटलं की हळूहळू खाली येतो. लहान मुलांची थडगी असलेल्या ठिकाणी दूध कधी तोडत हे यावरूनच काढतात.

रूपकुंडमध्ये भूमध्यसागरी वंशाच्या गटाचे आकडे एकमेकांच्या जवळ आणि सी-३ धान्यांच्या बाजूला होते. भारतीय वंशाच्या गटाचे आकडे मात्र लांबवर पसरलेले निघाले. काही जण जवळजवळ पूर्ण सी-३वर जगलेले, तर काहींच्या जेवणात सी-४ धान्यांचाही वाटा. हा पसारा महत्त्वाचा आहे. एकाच गावची, एकाच चुलीवर जेवणारी माणसं असा पसारा दाखवत नाहीत. वेगवेगळ्या मुलखांतून आलेली किंवा वेगवेगळ्या थरांतली माणसं इथे वेगवेगळ्या वेळी आली असं मानायला त्यामुळे बळ मिळतं आणि नंदादेवीच्या यात्रेशी ते जुळतंही. उत्तराखंडात आजही मंडवा, म्हणजे आपली नाचणी, आणि झंगोरा पिकतो. दोन्ही सी-४.

हाडातून कोलॅजेन कसं काढतात

अर्धा ते एक ग्रॅम हाड लागतं, शक्यतो मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या जाड भिंतीतलं. स्पंजासारख्या भागात माती आणि मुळं शिरलेली असतात, म्हणून तो टाळतात. वरचा थर घासून किंवा बारीक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या फवाऱ्याने काढून टाकतात. तुकडा ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. आम्ल दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. हाडाचं खनिज विरघळतं आणि काही दिवसांनी उरतो तो मूळ आकाराचा, मऊ, अर्धपारदर्शक तुकडा. चिमट्याने दाबला तर रबरासारखा वाकतो. हाड चांगलं टिकलंय याची ही पहिली खूण. बुडबुडे येऊन सगळंच विरघळलं आणि तळाशी तपकिरी गाळ तेवढा राहिला, तर त्या हाडात काढण्यासारखं काही उरलेलं नाही.

मऊ तुकडा शुद्ध पाण्याने आम्लाचा अंश जाईपर्यंत धुवायचा आणि पीएच ३च्या, म्हणजे आम्लधर्मी, पाण्यात ७० ते ७५ अंशांवर साधारण ४८ तास ठेवायचा. कोलॅजेन जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं. तापमान वर गेलं तर साखळ्या तुटून प्रथिनाचे बारीक तुकडे होतात आणि पुढच्या गाळणीत वाहून जातात, म्हणून इथे घाई चालत नाही. गाळून, गोठवून, निर्वातात सुकवलं की हातात येतो पांढरा, कापसासारखा हलका पदार्थ. त्यातला जेमतेम अर्धा ते एक मिलिग्रॅम कथिलाच्या इवल्याशा डबीत बंद करून जाळतात आणि निघालेले वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे जड-हलके अणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, जातात. प्रत्येक नमुना दोनदा चालवतात आणि दर काही नमुन्यांमागे आकडा आधीच ठाऊक असलेलं मानक घालतात. मानकाचा आकडा सरकला तर त्या खेपेतलं सगळंच परत करावं लागतं.

आकडा हातात आल्यावर आधी तीन गोष्टी बघायच्या. मूळ हाडाच्या वजनाच्या किमान १ टक्का कोलॅजेन मिळालं का? ताज्या हाडात ते २० टक्क्यांच्या वर असतं. त्यातलं कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं गुणोत्तर २.९ ते ३.६च्या मध्ये आहे का? आणि दोन्हींची टक्केवारी प्रथिनाला शोभेल अशी आहे का? गुणोत्तर ३.६च्या वर गेलं तर बहुधा मातीतली सेंद्रिय द्रव्यं किंवा चरबी मिसळलेली आहे. अशा नमुन्याचा आकडा कितीही आकर्षक वाटला तरी टाकून द्यायचा. एखाद्या अहवालात हे गुणोत्तर छापलेलंच नसेल तर त्यातल्या आहाराबद्दलच्या विधानांवर विसंबू नये.

रूपकुंडला थंडीने मोठं काम केलं. कोलॅजेनचा नाश हा मुख्यतः उष्णता आणि पाणी यांचा खेळ आहे. दख्खनच्या पठारावर, जिथे उन्हाळ्यात माती तापते आणि पावसाळ्यात चिंब होते, तिथे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांत कोलॅजेन क्वचितच धड राहतं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली पुरलेले सांगाडे, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली मुलं, असं विलक्षण साहित्य तिथून मिळालं. अशा ठिकाणच्या अवशेषांसाठी दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, हा जास्त भरवशाचा मार्ग. इनॅमल जवळजवळ पूर्ण खनिज असतं, घट्ट असतं, बाहेरचं पाणी त्यात सहजी शिरत नाही. त्यातल्या कार्बोनेटमधूनही कार्बन मोजता येतो, फक्त आकड्यांची मोजपट्टी वेगळी. तिथे निव्वळ सी-३ आहार उणे १३च्या आसपास आणि निव्वळ सी-४ शून्याच्या आसपास दिसतो. कोलॅजेनचा आकडा आणि इनॅमलचा आकडा शेजारी मांडून थेट तुलना करणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

सगळं नीट झालं तरी फसगत होऊ शकते. कोलॅजेन प्रथिन आहे आणि त्याला लागणारा कार्बन शरीर मुख्यतः अन्नातल्या प्रथिनांतून घेतं. समजा एखादा माणूस रोज भात खातो, पण ज्याचं दूध पितो ते जनावर ज्वारीच्या कडब्यावर पोसलेलं आहे. त्याच्या हाडात सी-४ची खूण उमटणार आणि अभ्यासक ‘हा भाकरी खात होता’ असं लिहून मोकळा होणार. म्हणून त्याच ठिकाणच्या, त्याच काळातल्या गाई-शेळ्यांची हाडं तपासल्याशिवाय माणसांच्या आकड्यांचा अर्थ लावू नये. प्राण्यांचे आकडे नसतील तर निम्मा अभ्यास झालेला नाही.

नायट्रोजनचं तसंच. भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या धान्याचा नायट्रोजन-१५ काही एककांनी वाढतो. ते धान्य खाणारा शुद्ध शाकाहारी माणूस कागदावर मांसाहारी दिसतो. उलट, डाळींची झाडं हवेतला नायट्रोजन घेतात, त्यांचा आकडा शून्याजवळ असतो आणि वरणावर जगणारा माणूस खालच्या पायरीवर दिसतो. आपल्याकडे खत आणि डाळ दोन्ही भरपूर, त्यामुळे युरोपात बेतलेले ठोकताळे इथे जसेच्या तसे लावणं धोक्याचं आहे.

आजच्या पिकांशी तुलना करतानाही एक दुरुस्ती लागते. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत हलका कार्बन ओतला आहे. औद्योगिक काळाच्या आधी हवेचा आकडा उणे ६.५च्या जवळ होता, आता तो उणे ८.५च्या आसपास आहे. आजच्या ज्वारीच्या आकड्यात जवळपास दोन एकक मिळवल्याशिवाय तो हजार वर्षांपूर्वीच्या माणसाशी ताडून पाहता येत नाही.

शिवाय नमुना आयुष्याच्या कोणत्या काळाचा, हे कायम ध्यानात ठेवावं लागतं. मांडीचं हाड सतत झिजून नव्याने भरत असतं, त्यामुळे त्याचा आकडा म्हणजे मृत्यूआधीच्या दहा-वीस किंवा जास्त वर्षांची सरासरी. बरगडी त्यापेक्षा लवकर बदलते. दाताचं इनॅमल एकदा तयार झालं की कधीच बदलत नाही. पहिल्या दाढेचा माथा जन्मापासून तीनेक वर्षांत तयार होतो, दुसरीचा साधारण तीन ते आठ वर्षांत, अक्कलदाढेचा त्यानंतर किशोरवयात. एकाच माणसाची पहिली दाढ, अक्कलदाढ आणि बरगडी मिळाली तर बाळपण, पोरवय आणि शेवटची वर्षं वेगवेगळी वाचता येतात.

कार्बन-१४च्या तारखेबद्दलही थोडं. तीसुद्धा त्याच कोलॅजेनमधून काढतात. समुद्रातला कार्बन हवेपेक्षा जुना असतो, म्हणून मासे भरपूर खाणाऱ्याचं हाड काही शतकांनी म्हातारं दिसू शकतं. इथे आहाराचे आकडे तारखेच्या मदतीला येतात. १६५० ते १९५० या तीनशे वर्षांत वातावरणातल्या कार्बन-१४चं प्रमाण असं वरखाली होत राहिलं की एकाच मापाला अनेक तारखा जुळतात. म्हणून रूपकुंडच्या दुसऱ्या गटासाठी अमुक साल असं ठामपणे सांगता येत नाही, ‘सतराव्या ते विसाव्या शतकात कधीतरी’ इतपतच प्रामाणिक उत्तर देता येतं.

कुठे वाढला, हे खडक सांगतो

स्ट्रॉन्शियम हा कॅल्शियमचा भाईबंद. खडकातून मातीत, पाण्यात, पिकात आणि तिथून दातात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतो. त्याच्या ८७ आणि ८६ या दोन समस्थानिकांचं गुणोत्तर खडकाच्या जातीवर आणि वयावर अवलंबून असतं, कारण रुबिडियम-८७चं हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ होत राहतं. अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षांचं. जुन्या ग्रॅनाइटमध्ये गुणोत्तर चढं, ०.७१च्या बरंच वर. काळ्या बेसॉल्टमध्ये कमी, अनेक ठिकाणी ०.७०४ ते ०.७०६. समुद्राच्या पाण्यात जगभर ०.७०९२. फरक तिसऱ्या-चौथ्या दशांशात दिसतो, पण यंत्र पाचव्या दशांशापर्यंत मोजतं.

नमुना १० ते ५० मिलिग्रॅम इनॅमल. दातातला आतला पिवळसर भाग, डेंटिन, एक कणही राहू न देता घासून काढायचा, कारण डेंटिन मातीतला स्ट्रॉन्शियम शोषून घेतं. सौम्य अ‍ॅसिटिक आम्लाने धुवायचं, नायट्रिक आम्लात विरघळवायचं आणि स्ट्रॉन्शियम तेवढा धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या बारीक नळीतून काढायचं. हे सगळं गाळलेल्या हवेच्या स्वच्छ खोलीत, कारण धुळीचा कणही आकडा हलवतो. रुबिडियम पूर्ण वेगळा झाला नाही तर यंत्राला दोघांचं वजन ८७च दिसतं आणि गुणोत्तर फुगतं.

हा आकडा अंतर सांगत नाही, खडकातला फरक सांगतो, हे विसरलं जातं. पैठणहून इनामगावला आलेला माणूस बेसॉल्टवरून बेसॉल्टवर आला. दीडशे किलोमीटरच्या आसपास चालून आला तरी त्याचा दात स्थानिकच दिसण्याची शक्यता मोठी. घाट उतरून कोकण किनाऱ्यावर गेलं की समुद्राचे तुषार, मासे आणि मीठ आकडा ०.७०९कडे ओढतात आणि भंडारा-गोंदियाच्या जुन्या खडकांवर तो आणखी चढतो. म्हणजे शंभर किलोमीटरचा प्रवास ठळक दिसू शकतो आणि पाचशेचा दिसतही नाही.

‘स्थानिक’ कशाला म्हणायचं ते ठरवायला आसपासची झाडं, गोगलगायी, उंदरांचे दात मोजून नकाशा करावा लागतो आणि सर्वात मोठी चूक इथेच होते. डेन्मार्कमधल्या एगट्वेड इथे १९२१ साली ओकच्या खोडात पुरलेली, इसवी सनपूर्व १३७० सालातली मुलगी सापडली. २०१५ मध्ये तिच्या दात-केस-नखांतल्या स्ट्रॉन्शियमवरून ती परदेशात, बहुधा आजच्या जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागात वाढली असं मांडलं गेलं. २०१९ मध्ये दुसऱ्या डॅनिश संशोधकांनी दाखवलं की तिथल्या शेतात टाकलेल्या चुन्याने ओढ्यांच्या पाण्यातलं गुणोत्तर खाली आणलं आहे. चुना न पडलेल्या जागांचे आकडे धरले तर ती आसपासच्याच मुलखात वाढलेली असू शकते. तिच्या नमुन्यांचं मोजमाप दोन्ही वेळा तेच होतं, बदलला तो तुलनेचा नकाशा. आपल्याकडे रासायनिक खतं आणि कालव्याचं पाणी पोचलेल्या शेतातून नमुने घेताना हाच धोका आहे.

वंश आणि वाढीचं ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचं एक उदाहरण गोव्यात आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ साली शिराझमध्ये मारली गेली आणि तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन पाद्रींनी जुन्या गोव्यात आणल्याची नोंद होती. सेंट ऑगस्टिन चर्चच्या भग्नावशेषांत सापडलेल्या हाडातून मातृवंशीय डीएनए काढला गेला. तो भारतात न आढळणाऱ्या, पण जॉर्जियात आढळणाऱ्या शाखेचा निघाला. तिथे प्रश्नच ‘ही कोणाची’ असा होता, म्हणून डीएनए हे योग्य साधन होतं.

रूपकुंडच्या त्या १४ जणांबद्दल उरलेला प्रश्न मात्र वेगळा आहे. ते भूमध्य समुद्राकडून प्रवास करत आले, की तिकडचा वंश असलेली, पण हिंदुस्थानातच जन्मलेली माणसं होती? डीएनए दोन्ही बाबतींत एकच उत्तर देईल. सी-३ आहार प्रवाशांच्या बाजूने झुकतो, पण गहू-भात खाणाऱ्या उत्तर भारतीयाचाही आकडा तसाच येतो. निकाल दात लावू शकतो. ग्रीस-क्रीटच्या चुनखडीच्या मुलखात गुणोत्तर ०.७०८-०.७०९च्या आसपास असतं, तर उंच हिमालयाचे खडक आणि गंगेच्या उगमाकडचं पाणी ०.७३च्याही वर जातं. अडचण अशी की रूपकुंडला सांगाडे अखंड नाहीत. दरडी, बर्फ आणि हाडं उचलून नेणारे हौशी यांनी सगळं विस्कटलं आहे, त्यामुळे सुटा दात कोणत्या मांडीच्या हाडाचा ते सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे एकाच दाढेचे दोन भाग करणं. मुळातून डीएनए आणि कोलॅजेन काढायचं, माथ्याचं २० मिलिग्रॅम इनॅमल स्ट्रॉन्शियमसाठी वापरायचं आणि कापण्याआधी त्या दाढेचा सीटी स्कॅन आणि ठसा घेऊन ठेवायचा, कारण कापलेला दात परत मिळत नाही आणि पुढच्या पिढीला त्याला आणखी काही विचारायचं असेल.